सर्कसचे फोटो काढताय? या चुका टाळा

सगळ्यात आधी फ्लॅश बंद करा. बाकी चुकांनी फोटो बिघडतो, या चुकीने माणूस पडू शकतो. झुल्यावरून सुटलेली मुलगी समोर झेलणाऱ्या कॅचरच्या हातांकडे बघत असते आणि नेमका तेव्हाच खालून लख्ख उजेड डोळ्यात गेला तर? आणि कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश तेवढ्या उंचीवर नीट पोचतही नाही. मोबाईलवाल्यांनो, तुमचा ऑटो फ्लॅशपण बघा.

दुसरी कॉमन तक्रार म्हणजे चेहरे पांढरेफटक येतात. तंबूत काळोख आणि स्पॉटलाइट फक्त कलाकारावर, त्यामुळे कॅमेरा काळोख बघून उजेड वाढवतो आणि चेहरा जळतो. स्पॉट मीटरिंग (कॅमेरा फक्त चेहऱ्यावरचा उजेड मोजतो) लावा नाहीतर एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला एकूण उजेड, -१ करा, आणि रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, कारण लाल-निळ्या लाइटमध्ये नंतर रंग सुधारायला बरं पडतं.

झुल्याच्या आयटमला सरसकट शटर १/१००० सेकंद ठेवून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) इतका वाढवतात की सगळा फोटो दाणेदार. अहो, झोका टोकाला गेला की क्षणभर थांबतो, तिथे १/२५० मध्येपण काम होतं. हवेत कोलांटी मारताना मात्र १/५०० च्या खाली जाऊ नका. हा टोकाचा क्षण कळायला आधी एक शो कॅमेरा न काढता बघा, मी तर तिकिटाचे पैसे दोनदा देतो आणि ते वसूल होतात.

फोटोत आडवे पट्टे येतायत? एलईडी लाइट. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवून बघा, नाहीतर कॅमेऱ्यातलं अँटी-फ्लिकर, म्हणजे ही लुकलुक चुकवणारं सेटिंग, ऑन करा.

मौत के गोल्यात (जाळीच्या गोलात मोटारसायकल फिरवतात तो खेळ) फोकस जाळीवरच अडकतो, मग लोक वैतागतात. अडकू द्या की! कॅमेरा कठड्यावर टेकवून पाव सेकंद शटर ठेवा, जाळी अगदी शार्प येते आणि आत हेडलाइटच्या पिवळ्या रेघा गोल फिरलेल्या दिसतात.

वाघ-सिंहांच्या आशेने जाऊ नका, १९९८ पासून त्यांच्या खेळांवर बंदी आहे. त्यापेक्षा मॅनेजरला भेटून पडद्यामागे जायची परवानगी मागा. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये सर्कस काढली, मराठी माणसाचंच काम ते, आणि तरी आपल्याकडे त्या मागच्या बाजूचे फोटो किती कमी! कलाकाराला विचारून हातांचा एक क्लोजअप घ्या, पावडर चोळलेले तळवे, मनगटाला घट्ट गुंडाळलेली पट्टी. आणि तंबू दुसऱ्या गावाला जायच्या आत त्याची प्रिंट त्यांना नेऊन द्या.