काकांची खानावळ नकाशावर दिसेना, तेव्हा

जळगावात काकांची खानावळ आहे. हिवाळ्यात भरीत आणि कळण्याच्या भाकरीला गर्दी असते, पण बाहेरगावचा माणूस गुगलवर 'खानावळ' शोधायचा तेव्हा आमचं नावच दिसत नसे. मला याचं फार वाईट वाटायचं.

गुगलवरचं खानावळीचं प्रोफाइल उघडलं तर व्यवसायाचा मुख्य प्रकार 'किराणा दुकान'! आधी तिथं किराणाच होता. तो बदलून 'रेस्टॉरंट' केला. मुख्य प्रकार एकच असतो, वर आणखी 9 जोडता येतात. मी दोनच जोडले, उगाच सगळे भरू नयेत. खरी गोम पुढे होती. त्याच पत्त्यावर जुन्या फोन नंबरची दुसरी नोंद होती आणि अभिप्राय दोन्हीकडे वाटले गेले होते. ती डुप्लिकेट म्हणून कळवली.

काका म्हणाले, "नावातच 'बेस्ट शेवभाजी' टाक ना रे."

"काका, पाटीवर आहे तेच नाव हवं. नाहीतर नोंदच बंद होऊ शकते."

नकाशावरची पिन गल्लीच्या तोंडाशी होती, ती दारावर आणली. वेळा, फोटो भरले. कोणाचं नाव वर दाखवायचं हे ठरवताना गुगल अंतरही बघतं, ते मात्र आपल्या हातात नाही. ग्राहक कुठून शोधतो त्यावर ते ठरतं.

तीनेक आठवड्यांनी स्टेशनवरून एक कुटुंब फोन बघत बघत थेट दारात आलं. काकांनी त्यांना स्वतः वाढलं.