अडखळत वाचणाऱ्या मुलाला मराठी कसं शिकवावं: बोट, तोंड, कान आणि तो छळणारा रफार

बहुसंवेदी पद्धत, म्हणजे डोळे, कान, तोंड आणि हात एकाच वेळी वापरून शिकवणं, म्हटलं की पालक आधी खरेदीला निघतात. रंगीत वाळू, लाकडी अक्षरं, चकचकीत तक्ते. यातलं काहीच लागत नाही. ताटात पसरलेला रवा किंवा पॉलिश पेपरची कापलेली अक्षरं पुरतात, नाहीतर पाटी आहेच. खरी अट एकच: बोट फिरत असतानाच उच्चार तोंडातून यायला हवा आणि मुलाने तो स्वतः ऐकायला हवा. मुकाट्याने गिरवणं म्हणजे रव्याशी खेळणं.

ही पद्धत आली अमेरिकेतून, १९३०च्या दशकात सॅम्युअल ऑर्टन हे मेंदूविकारतज्ज्ञ आणि ॲना गिलिंगहॅम या शिक्षिका यांनी केलेल्या कामातून. ती बेतली होती इंग्रजीसाठी, जिथे एकेका अक्षराचे तीन-चार उच्चार होतात. आपल्याकडे ‘चहा’ आणि ‘चमचा’तला च, आणि तसेच ज, झ, सोडले तर ते दुखणं फारसं नाही. मराठीत मूल अडतं ते कानाला ऐकू येणारा क्रम आणि कागदावर दिसणारा क्रम जुळत नाही तिथे. सगळी मेहनत तिथे घाला.

डोळे आणि कान तपासून घेतलेत असं धरून चालते.

अक्षरांपासून सुरुवात करा, पण ‘गमभन’च्या क्रमाने नको. तो क्रम हाताच्या वळणाच्या सोयीचा आहे, आणि त्यात म आणि भ शेजारी येऊन बसतात. या मुलांना ते एकसारखेच दिसतात. म पक्का होऊ द्या, भ बऱ्याच दिवसांनी आणा. घ-ध, ब-व, थ-य यांचंही तसंच.

काना, मात्रा, उकार, दुसरी वेलांटी: उच्चारत गिरवलं की बसतात. बाराखडी सुरात म्हणवून घेऊ नका. मूल ‘कं कः’पर्यंत धडाधड जातं आणि सुटा ‘कु’ दाखवला की ‘क, का, कि, की’ म्हणत तिथवर पोचतं. त्याला वाचता येत नाहीये, गाणं येतंय. पहिल्या वेलांटीसाठी डावीकडे जागा सोडून आधी अक्षर, मग वेलांटी, कारण कानाला आधी क येतो. वळण बिघडतं अशी तक्रार शाळेतून येईल. येऊ द्या.

साधी जोडाक्षरं (म्ह, स्त, ग्य) दांडी झाकून दाखवली की जमतात.

आता रफार. मीही इथे बराच काळ अडकले होते, आणि मुलं सोडून जातात तीही इथेच.

‘गर्दी’ सांगा. एक मूल ‘गरदी’ लिहील, दुसरं ‘ग्रदी’. दोघांना एकच उपाय करू नका. ‘गरदी’ लिहिणाऱ्याचा कान अगदी बरोबर आहे. आपण ‘करतो’ लिहितो आणि म्हणतो ‘कर्तो’च, मग त्याने ‘गर्दी’ वेगळं कसं ओळखावं? त्याला ऐकायला सांगून उपयोग नाही. त्याला शब्दांच्या टोळ्या द्या: गर्दी, सर्दी, वर्दी; सर्व, गर्व, पर्व; सूर्य, कार्य, धैर्य. एका दिवशी एकच टोळी.

‘ग्रदी’वाल्याचा क्रम हरवलाय. त्याच्यासाठी तीन कागदी तुकडे करा: ग, र्, दी. शब्द म्हणत टेबलावर दोन थापा, गर्‌–दी. मग तुकडे कानाच्या क्रमाने मांडा. आता ‘र्’चा तुकडा त्यानेच उचलायचा आणि ‘दी’च्या डोक्यावर नेऊन ठेवायचा, पूर्ण शब्द म्हणत. तुम्ही उचललात तर तो फक्त बघतो.

लिहिताना आणखी एक पेच येतो. तोंड र् आधी म्हणतं, हात तो दी नंतर काढतो. मधल्या वेळात र् निसटतो. म्हणून ग लिहून झाला की ‘र्’ म्हणत डाव्या हाताचं बोट टेबलावर दाबून धरायचं. दी लिहून होईपर्यंत बोट उचलायचं नाही. मग बोट सोडून लगेच रफार. डावखुरा असेल तर उजवं बोट. शब्द पुरा करून शेवटी रफार द्यायची सवय लावू नका. ‘सर्वांना’ लिहिताना तो कुठल्याही डोक्यावर जाऊन बसतो. वाचताना बोट ग वरून आधी वर रफाराकडे आणि मग खाली दी कडे.

आणि कृपा करून ‘र ची सगळी रूपं’ असा तक्ता भिंतीवर लावू नका. रफार घट्ट झाल्याशिवाय चक्र आणि राष्ट्र नकोत. ते आणाल तेव्हा एवढंच सांगा: अर्धा र डोक्यावर, पूर्ण र पायाशी. दऱ्या, वाऱ्यावर यांतला आडवा र सगळ्यांत शेवटी.

ऱ्हस्व-दीर्घ कानावर सोपवू नका, बोलताना आपणच तो फरक पाळत नाही. शेवटचा इकार-उकार दीर्घ (‘आणि’, ‘परंतु’ वगळा), आणि बाकीचे जोडीने: फूल–फुलं, मूल–मुलं, जीभ–जिभा. ‘गुण’, ‘विष’ असे संस्कृत शब्द नंतर. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावणं ही निव्वळ शिक्षा आहे. पाचव्या वेळेपासून ती चूकच गिरवली जाते.

रोज वीस मिनिटं, मूल दमण्याआधीच बंद. श्रुतलेखनात शिकवलेलीच अक्षरं घ्या. मुलाने शब्द आधी म्हणायचा, टेबलावर थापा द्यायच्या, मग लिहायचा.

विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन-लेखनातली अशी अडचण, जसं डिस्लेक्सिया) २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, आणि परीक्षेतल्या सवलतींसाठी प्रमाणपत्र लागतं. सहसा ते आठव्या वर्षाआधी देत नाहीत. रवा पसरायला प्रमाणपत्र लागत नाही. पहिलीतच सुरू करा.