बहुभाषिक संकेतस्थळावर मराठी मजकूर नीट दिसत नसेल, तर काय तपासावे

सिंहस्थासाठी भाविक देशभरातून नाशिकला येतात, म्हणून गंगापूर रस्त्यावर पाहुण्यांची राहण्याची सोय करणाऱ्या माझ्या मावसभावाने वर्डप्रेसवर, म्हणजे संकेतस्थळे बांधण्याच्या एका प्रणालीवर, बांधलेले आपले संकेतस्थळ मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत केले. महिन्याभरातच मराठी पानांवरची निम्मी बटणे इंग्रजीत दिसू लागली आणि त्याने सगळे भाषांतर पुन्हा करून घेण्याची तयारी चालवली. भाषांतर शाबूत होते. ते पडद्यापर्यंत पोहोचण्याची वाट कुठेतरी तुटली होती. म्हणून पैसे खर्च करण्याआधी ती जागा शोधावी.

प्रथम बिघडलेले पान ब्राउझरच्या खासगी खिडकीत आणि दुसऱ्या एखाद्या फोनवर उघडावे. तेथे ते नीट दिसले, तर दोष कॅशेचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीचा आहे. कॅशे आधी सर्व्हरवरची पुसावी आणि ब्राउझरची शेवटी. क्रम उलटा झाल्यास जुनीच प्रत पुन्हा येऊन बसते.

पानाचा मजकूर मराठीत, पण बटणे आणि सूचना इंग्रजीत, हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. पानाचा मजकूर डेटाबेसमध्ये असतो, तर बटणांवरील शब्द थीमच्या (संकेतस्थळाच्या रूपसाच्याच्या) किंवा प्लगिनच्या (वरून जोडलेल्या सोयीच्या) भाषांतर-फाइलीतून येतात. ही फाइल मुख्यतः दोन रूपांत असते: पीओ माणसाला वाचता येते, एमओ यंत्रासाठी असते. पीओमध्ये दुरुस्ती करून एमओ नव्याने तयार केली नाही, तर सहसा पडद्यावर काहीच बदलत नाही. फाइलीचे नावही बारकाईने पाहावे. वर्डप्रेसमध्ये हिंदीचा संकेत भाषा आणि देश असा दुहेरी आहे, मराठीचा मात्र केवळ 'एमआर' एवढाच. हिंदीच्या धर्तीवर नाव दिलेली मराठी फाइल उचललीच जात नाही. मावसभावाच्या संकेतस्थळावर नेमके हेच घडले होते. शिवाय मूळ इंग्रजी वाक्य हीच भाषांतराची किल्ली असल्यामुळे, थीमच्या नव्या आवृत्तीत त्या वाक्यातला एक पूर्णविराम बदलला तरी जोडी तुटते आणि इंग्रजी वाक्य परत दिसू लागते. वाक्यात टक्क्याचे चिन्ह आणि त्याला चिकटलेले रोमन अक्षर असेल, तर ते भाषांतरात जसेच्या तसे ठेवावे, कारण तेथे पाहुण्याचे नाव किंवा खोल्यांची संख्या भरली जाते.

अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर मजकूर बहुधा साठवतानाच नष्ट झालेला असतो आणि जुन्या बॅकअपखेरीज उपाय उरत नाही. चमत्कारिक रोमन अक्षरांची रांग दिसत असेल, तर धीर धरावा. अक्षरे बहुतेक वेळा सुरक्षित असतात, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचली जात असतात, आणि सर्व्हर व डेटाबेस या दोहोंची मांडणी यूटीएफ-८ या सर्व लिपी सांभाळणाऱ्या पद्धतीची केल्यावर पुष्कळदा ती परत येतात. मात्र त्याआधी बॅकअप घ्यावाच.

पानाचा पत्ता देवनागरीत ठेवल्यास आणखी एक अडचण येते. वर्डप्रेस पत्त्याच्या या भागासाठी २०० चिन्हांची जागा देते आणि देवनागरीतील प्रत्येक अक्षर, मात्रा किंवा हलन्त त्यातील ९ खातो. 'त्र्यंबकेश्वर दर्शनासाठी माहिती' हे शीर्षक म्हणूनच 'त्र्यंबकेश्वर-दर्शनासाठ' येथे तुटते. पत्ता स्वतः आखूड करून लिहावा.

भाषा बदलण्याचे बटण दाबल्यावर दरवेळी मुखपृष्ठच उघडत असेल, तर तिन्ही भाषांतील पाने एकमेकांशी जोडलेली नाहीत असे समजावे. शोधयंत्रांसाठीच्या एचरेफलँग खुणाही, म्हणजे तेच पान इतर भाषांत कुठे आहे हे सांगणाऱ्या खुणा, परस्परांकडे निर्देश करणाऱ्या हव्यात. एकतर्फी खूण दुर्लक्षिली जाते. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली आहे ना, हेही पाहावे, कारण त्या नोंदीवरून काही फॉन्ट 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे दाखवतात. आपल्या गावच्या पानावर आपलीच अक्षरे दिसावीत, असे मला मनापासून वाटते.

एवढे झाल्यावरच शब्दांकडे वळावे. यंत्राने खोली राखण्याच्या बटणावर 'पुस्तक' आणि मुखपृष्ठाच्या जागी 'घर' लिहिलेले मी पाहिले आहे. असे एकेकटे शब्द संदर्भ ठाऊक असलेल्या माणसानेच तपासावेत. मावसभाव आता थीम अद्ययावत केली की तिन्ही भाषांत एकेक खोली स्वतःच राखून पाहतो आणि आलेली पुष्टीची ईमेल शेवटपर्यंत वाचतो.