बाळाची छाती घरघरतेय? मशीन लावायचा हट्ट धरण्याआधी या चुका टाळा

खानापूर-जांबोटीकडं पावसानं जोर धरला की आमच्या दवाखान्याच्या बाकावर तीन-चार महिन्यांची बाळं दिसायला लागतात. नाक चोंदलेलं, छातीत घरघर, आई रात्रभर जागी. सोबतची आजी दारातूनच म्हणते, "सिस्टर, मशीन लावा की ओ!" मशीन म्हणजे नेब्युलायझर, औषधाची वाफ देणारं यंत्र, आणि त्यात घालायचं औषध बहुधा सालब्युटामॉल. घरातल्या दमेकऱ्याला त्या वाफेनं दहा मिनिटांत मोकळं झालेलं आजीनं डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

घोळ इथूनच सुरू होतो. दम्यात श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळतात, सालब्युटामॉल ते सैल करतं. तान्ह्या बाळाचा ब्रॉन्किओलायटिस वेगळा. तो विषाणूमुळे होतो, बहुतेक वेळा आरएसव्ही नावाच्या, श्वसनमार्गाला बाधणाऱ्या विषाणूमुळे. बारीक नळ्यांना आतून सूज येते, चिकट कफ आणि झडलेल्या पेशींचा गाळ साचतो. कौलांची पन्हाळ पाल्यानं तुंबते ना, तसं. तिथं स्नायू सैल करून काय होणार?

हे काही माझ्या मनाचं नाही. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरच्या चाचण्या एकत्र करून तपासते; तिच्या २०१४ च्या आढाव्यात ३० चाचण्यांमधल्या १,९९२ बाळांची माहिती तपासली गेली. औषधानं रक्तातला ऑक्सिजन वाढला नाही, दाखल करणं टळलं नाही, दवाखान्यातला मुक्कामही घटला नाही. वर छातीची धडधड आणि हातापायांची थरथर पदरात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००६ मध्ये 'एकदा देऊन बघा, फरक पडला तर चालू ठेवा' अशी मुभा ठेवली होती. २०१४ मध्ये तीही काढून टाकली.

"पण मागच्या खेपेला वाफेनं बरं वाटलं की!" हे मी रोज ऐकते. हा आजार तासातासाला वर-खाली होतो. रडून दमलेलं बाळ मांडीवर शांत झालं तरी श्वास उतरल्यासारखा वाटतो. एकदा मी घड्याळ धरून पूर्ण मिनिट श्वास मोजले: वाफेआधी ५८, नंतर ५६, आणि बरगड्यांखालचा खड्डा तसाच. मग मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब दोन्ही नाकपुड्यांत घातले, शेंबूड ओढून काढला, तर बाळानं पदराखाली तोंड लावलं आणि सात-आठ मिनिटं प्यालं. आईच्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हा उतरला.

म्हणून घरी करायचं ते एवढंच: पाजण्याआधी नाक मोकळं करा आणि थोडं थोडं, वारंवार पाजा. थोरल्या भावंडाचं उरलेलं खोकल्याचं सिरप अंदाजानं देऊ नका; त्यात अनेकदा हेच सालब्युटामॉल असतं. प्रतिजैविक विषाणूवर चालत नाही, स्टेरॉइडचाही इथं उपयोग नाही.

आणि धूर! अंघोळीनंतर ऊद-ओव्याची धुरी, खाटेखाली शेगडी, बाजूला कुणाची तरी बिडी. सुजलेल्या नळ्यांना याहून वाईट काही नाही. यावर आज्या माझ्यावर रागावतात. रागावू देत.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास सर्वांत जास्त असतो. नेमकं तेव्हाच लोक डॉक्टर बदलतात: आधी खानापूर, मग बेळगाव, मग थेट हुबळी, आणि प्रत्येक ठिकाणी नवी चिठ्ठी. खोकला तर तीन आठवडेही रेंगाळतो.

थांबू मात्र नये असे प्रसंग आहेत. नेहमीच्या निम्मंही दूध जात नाही, बारा तासांत लघवी नाही, छाती आत ओढली जातेय, बाळ कण्हतंय, ओठ निळसर पडलेत, श्वास मध्येच थांबतोय. किंवा दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० आणि त्याहून मोठ्या, वर्षाखालच्या बाळाचे ५० किंवा त्याहून जास्त आहेत. मग रात्र-पहाट बघू नका, १०८ ला फोन करा. अशा बाळाला ऑक्सिजन लागू शकतो, नळीतून दूध किंवा शिरेतून सलाईन लागू शकतं. दिवस भरण्याआधी जन्मलेलं, हृदयाचा दोष असलेलं किंवा तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर एवढं व्हायची वाट न बघता आधीच दाखवा.

वर्षावरच्या मुलाला पुन्हा पुन्हा धाप लागत असेल तर ती गोष्ट निराळी. त्याला डॉक्टरांनी पंप लिहून दिला असेल, तर हे वाचून तो बंद करू नका.