एसयूव्हीचा गिअर जड पडतोय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

दुसरा गिअर टाकताना लिव्हर अडतो, रिव्हर्सला ‘कर्र’ वाजतं, सिग्नलला पहिला गिअर पडतच नाही. लक्षणं गिअरबॉक्सची वाटतात, पण दोष पुष्कळदा क्लचमध्ये किंवा केबलमध्ये असतो. दुरुस्तीच्या खर्चात त्याने मोठा फरक पडतो, म्हणून आधी नीट निदान करा. पुढची माहिती मॅन्युअल गिअरच्या गाड्यांसाठी आहे.

सुरुवात पायाखालून करा. जाड फ्लोअर मॅट सरकून क्लच पेडलखाली आली की पेडल तळापर्यंत जात नाही आणि क्लच अर्धवटच सुटतो, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नाही. मॅट काढून गाडी चालवून बघा.

इंजिन बंद, मग चालू

सपाट जागी हँडब्रेक ओढा. इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर एकेक करून टाका. मग इंजिन सुरू करून तेच पुन्हा करा. एखादा गिअर लगेच पडला नाही, तर क्लच सोडून पुन्हा दाबा. उभ्या गाडीत कधीकधी दातावर दात येतो.

बंद इंजिनला गिअर अलगद पडतात आणि चालू इंजिनला अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. खात्रीसाठी क्लच तळापर्यंत दाबून पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही कर्र वाजलं, तर दोष क्लचकडेच आहे. (न थांबता टाकल्यावर वाजणं वेगळं, अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर जुळण्याआधी दोन्हींचा वेग सारखा करणारी पितळी रिंग, नसते.) इंजिन बंद असतानाही सगळे गिअर जड असतील तर लिव्हरची केबल, तिच्या टोकाचा बुश (सांध्यातली छोटी चकती) किंवा गिअर ऑइल बघा. एकच गिअर, तोही चालत्या गाडीत वाजत असेल, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असण्याची शक्यता जास्त.

क्लच सुटत नसेल तर

हे हायड्रॉलिक क्लचसाठी, म्हणजे पेडलचा दाब नळीतल्या फ्लुइडमधून पोचतो त्या गाड्यांसाठी. पेडल चार-पाच वेळा भराभर मारा. त्यानंतर गिअर सहज पडला, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडरचं सील गेलंय. बॉनेट उघडून फ्लुइडची पातळी पाहा. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते आणि क्लचची नळी वरच्या बाजूला असते. त्यामुळे फ्लुइड कमी झालं की आधी क्लच कुरकुरतो. तो ब्रेकसाठीही इशारा समजा.

गळती शोधायला पेडलच्या वर, मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की फ्लुइड ढकलणाऱ्या) रबरी टोपीवर बोट फिरवा. मग गिअरबॉक्सवरच्या, त्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरची टोपी बघा. ओल लागली, तर तो सिलिंडर बदला. काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर आतच बसवलेला असतो. तो गळत असेल तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

गळती नसेल तर हवा काढा. दोन माणसं लागतात. स्लेव्हच्या निपलला (हवा काढायच्या छोट्या तोटीला) पारदर्शक नळी लावून दुसरं टोक फ्लुइड असलेल्या बाटलीत बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल अर्धा आटा सैल करायचं, बुडबुडे आले की घट्ट करायचं आणि मगच पेडल सोडायचं. हा क्रम चुकला की हवा परत आत जाते. मधूनमधून टाकी भरत राहा. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असा फ्लुइडचा दर्जा लिहिलेला असतो, तेच वापरा, सीलबंद बाटलीतलं. उघड्या बाटलीतलं हवेतला ओलावा ओढतं. पत्र्यावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग जातो.

केबल आणि ऑइल

लिव्हर केबलने गिअरबॉक्सला जोडलेल्या गाडीत एकाने लिव्हर हलवावा, दुसऱ्याने गिअरबॉक्सकडचं टोक बघावं. लिव्हर हलतोय आणि टोक उशिरा किंवा अर्धवट हलतंय, तर प्लास्टिकचा बुश झिजलाय किंवा केबल आत अडकतेय.

गिअर ऑइल बदलताना आधी भरण्याचा बोल्ट उघडा, मगच खालचा. भरायचा बोल्ट जाम निघाला आणि ऑइल आधीच सोडलेलं असलं, तर गाडी जागेवरच अडकते. गाडी स्टँडवर समपातळीत हवी. नुसत्या जॅकवर असेल तर खाली जाऊ नका. खालच्या बोल्टच्या चुंबकावर बारीक करडा लेप असणं ठीक. ऑइलमध्ये पिवळी चमकती भुकटी दिसली तर सिंक्रो रिंग झिजतेय, लोखंडाचे तुकडे मिळाले तर दात तुटलेले असू शकतात. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर हे होतं. ऑइलचा ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत दिलेलाच घ्या. जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) सांगितलं असताना ‘जास्त चांगलं’ म्हणून जीएल-५ टाकू नका. त्यातल्या काही रसायनांनी पितळी रिंग खराब होऊ शकते. थंडीत सकाळी पहिले एक-दोन किलोमीटर गिअर जड वाटून नंतर मोकळा होत असेल, तर ते घट्ट ऑइलमुळे आहे, त्यावर खर्च करू नका.

सिंक्रो रिंगच गेली असेल तर गिअरबॉक्स उघडायला पर्याय नाही. तो उतरलाच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनचं मागचं ऑइल सील त्याच वेळी तपासून घ्या, कारण यातल्या एकासाठीही नंतर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. जुनी रिंग आणि नवी शेजारी ठेवून दात स्वतः बघा, मगच जोडणी करू द्या.