खिळ्यावाचूनचा सांधा: या चुका टाळा

धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, जुनं घर उतरवताना एकदा उभं राहून बघा. कुसू (लाकडाच्या टोकाला काढलेली, खांबाच्या भोकात बसणारी जीभ) आणि लाकडी खुंटीवर बसलेली तुळई अख्खी सुटते आणि दुसऱ्या घरावर चढते. खिळ्यांनी जखडलेली निघतानाच फाटते, मग चुलीत जाते. सातपुड्यातलं तसलं सागवान पुन्हा मिळायचं नाही, म्हणून हा खटाटोप.

पहिली चूक माझीच. श्रावणात चौकट बसवली, सांधा इतका घट्ट की मोगरीशिवाय हलेना. वैशाखात पारा ४५ वर गेला आणि चौकट खुळखुळायला लागली. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, आटतं ते रुंदी-जाडीत. म्हणजे कुसूच बारीक होतं. म्हातारे मिस्तरी तेव्हाच म्हणाले होते, "घाई नको करू भाऊ, लाकूड आजून ओलं शे." ओल मोजायचं मीटर नसेल तर एक तुकडा काट्यावर तोला, सावलीत ठेवा, आठवड्याने परत तोला. वजन उतरलं तर थांबा.

सैल झालेल्या सांध्यात भुसा आणि डिंक कोंबू नका. कुसू आरपार असेल तर त्याच्या टोकाला करवतीची खाच घेऊन कोरडी पाचर ठोका. कुसू भोकाच्या लांबीकडे फाकलं पाहिजे. जाडीकडे फाकलं तर खांबच चिरतो.

कुसूची जाडी लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवा. जाड कुसू मजबूत दिसतं, पण भोकाच्या भिंती पातळ पडतात.

सगळ्यात जास्त बिघडते ती खुंटी. सांधा जोडून आरपार गिरमिट फिरवलं की खुंटी नुसती अडकते, ओढत नाही. आधी फक्त खांबाला खुंटीचं भोक पाडा. कुसू आत घालून गिरमिटाच्या टोकाने खूण करा, बाहेर काढा आणि त्याचं भोक खुणेपासून दीड-दोन मिलिमीटर खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथून सुरू होतं त्या पायरीकडे, सरकवून पाडा. मग खुंटी ठोकताना सांधा आपोआप आवळतो. याहून जास्त सरकवलं तर कुसू फुटेल. खुंटी करवतीने कापू नका, लाकडाच्या रेषेवर फोडून तासा. आणि सरस लावू नका, नाहीतर पुढे सोडवणार कसं?

खांबाच्या बुडाला दगडी उथाळ्याभोवती (खांब ज्या दगडावर उभा असतो त्याभोवती) सिमेंट भरणं ही आजची आवडती चूक. ओल आत कोंडते, बूड कुजतं. कुजलेला भाग कापून तिरक्या सांध्याने नवा तुकडा जोडता येतो, पण आधी धाब्यावरची माती उतरवा आणि तुळईला दोन्हीकडून टेकू द्या. पावसाळ्यानंतर ती माती भिजून आणखी जड झालेली असते.