इंग्रजी विशेषण-उपवाक्य : 'जो' घ्या, 'तो' सोडा

'जो मुलगा काल आला होता, तो माझा भाऊ आहे.' हे वाक्य मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिलं की 'द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर' असं होतं. यातला 'ही' जास्तीचा. मराठीत 'जो'च्या मागोमाग 'तो' येतो. इंग्रजीतल्या 'हू', 'विच', 'दॅट' यांना असा जोडीदार लागत नाही. 'द बॉय हू केम यस्टरडे' हा सगळा मिळून एकच कर्ता आहे, त्याच्यापुढे थेट 'इज' हवं, मध्ये स्वल्पविरामही नको. तपासायला सोपं आहे: उपवाक्य, म्हणजे 'हू केम यस्टरडे' हा तुकडा, हाताने झाका. उरलेलं 'द बॉय इज माय ब्रदर' हे पूर्ण वाक्य वाटलं पाहिजे. 'द बॉय ही इज' उरलं, तर 'तो' कुठूनतरी आत शिरलाय.

उपवाक्य बांधताना निदान सुरुवातीला दोन सुटी वाक्यं लिहून घ्यावीत. 'आय लॉस्ट द पेन.' 'यू गेव्ह मी द पेन.' दुसऱ्या वाक्यातलं 'द पेन' खोडा, त्याच्याऐवजी 'दॅट' घ्या आणि तो उपवाक्याच्या तोंडाशी आणा: 'आय लॉस्ट द पेन दॅट यू गेव्ह मी.' खोडलेली जागा रिकामीच राहते. तिथे 'इट' भरून 'दॅट यू गेव्ह इट टू मी' लिहिलं, तर एकाच वस्तूचा उल्लेख दोनदा झाला.

ही रिकामी जागा ओळखता आली की आणखी एक प्रश्न सुटतो: 'दॅट' कधी गाळायचा? जागा कर्माची असेल तर गाळला तरी चालतो, 'द पेन यू गेव्ह मी' बिनचूक आहे. कर्त्याची असेल तर गाळता येत नाही. 'द मॅन लिव्ज नेक्स्ट डोअर इज अ डॉक्टर' यात 'लिव्ज' आणि 'इज' ही दोन क्रियापदं एकाच कर्त्यावर भांडतात, 'हू' लागणारच.

खरी अडचण प्रीपोझिशनपाशी, म्हणजे 'इन', 'टू' अशा शब्दांपाशी, येते. 'ज्या घरात मी राहतो' म्हणताना मराठीत 'त' हा प्रत्यय 'घरा'ला चिकटून जातो, त्यामुळे इंग्रजीत 'इन' लिहायचंच राहून जातं आणि 'द हाउस विच आय लिव्ह' असं लंगडं वाक्य तयार होतं. सुटं वाक्य 'आय लिव्ह इन द हाउस' आहे ना, मग 'इन' टिकलं पाहिजे. बोलताना 'द हाउस आय लिव्ह इन', औपचारिक लेखनात 'द हाउस इन विच आय लिव्ह'. 'व्हेअर' वापरला तर मात्र 'इन' नको, कारण तो अर्थ 'व्हेअर'मध्ये आलेलाच आहे. प्रीपोझिशन आधी आलं की त्याला लागून 'दॅट' येत नाही: 'इन दॅट आय लिव्ह' चूक. माणसासाठी अशा जागी 'हूम' लागतो, म्हणजे 'टू हूम'.

स्वल्पविरामाने अर्थ बदलतो, तो सजावटीसाठी नसतो. 'माय सिस्टर हू टीचेस मॅथ्स इज हिअर' म्हणजे बहिणी एकीहून जास्त, त्यातली गणित शिकवणारी आली आहे. 'माय सिस्टर, हू टीचेस मॅथ्स, इज हिअर' यात बहीण कोणती ते आधीच ठरलेलं आहे, गणिताची माहिती जाता जाता दिली. या दुसऱ्या प्रकारात 'दॅट' वापरू नये आणि 'हू' गाळू नये. दोन्ही स्वल्पविराम द्यावेत. दुसरा बहुतेकदा विसरला जातो.

उपवाक्य ज्या नामाचं आहे, त्याला खेटून ठेवा. 'द लेटर इज इन द ड्रॉवर दॅट ही रोट' असं लिहिलं तर त्याने चक्क ड्रॉवर लिहिला! 'द लेटर दॅट ही रोट इज इन द ड्रॉवर' हवं. रिकामी जागा कर्त्याची असेल तर उपवाक्यातलं क्रियापदही त्याच नामाकडे बघून ठरतं: 'द स्टुडंट्स हू वर्क', 'हू वर्क्स' नव्हे.

आता एकशब्दी विशेषणं. त्यांचा क्रम मत, आकारमान, वय, आकृती, रंग, मूळ, साहित्य (वस्तू कशाची बनली आहे), उपयोग असा पाठ करायला लावतात. प्रत्यक्षात एका नामामागे दोन-तीनच विशेषणं येतात, तेव्हा मत सर्वांत आधी आणि साहित्य किंवा उपयोग नामाला लागून, एवढं सांभाळलं तरी बहुतेक वेळा निभावतं: 'अ ब्यूटिफुल ओल्ड वूडन बॉक्स'. विशेषण अनेकवचनी होत नाही, आकडा जोडला तरीही: 'अ टू-अवर एक्झॅम', 'टू-अवर्स' नाही. 'अस्लीप', 'अफ्रेड', 'अलाइव्ह' ही नामाआधी बसत नाहीत. 'द चाइल्ड इज अस्लीप' बरोबर, पण नामाआधी 'अ स्लीपिंग चाइल्ड'. 'समथिंग'सोबत विशेषण नंतर येतं: 'समथिंग न्यू'.

कंटाळा आला असेल तर 'आय ॲम बोर्ड' म्हणा. 'आय ॲम बोरिंग' म्हणजे माझ्यामुळे इतरांना कंटाळा येतो. आणि 'लुक', 'फील', 'स्मेल' यांच्यापुढे दर वेळी क्रियाविशेषण जोडायची सवय सोडा: चेहरा रागावलेला दिसत असेल तर 'शी लुक्ड अँग्री', तिने रागाने पाहिलं असेल तरच 'शी लुक्ड अँग्रिली ॲट मी'.